खर्ड्याच्या गाडीतली पाचर

वस्ताद, खर्ड्याची गाडी परत आली आहे. तीच ती, मिलिटरीच्या लिलावातली, चारही चाकांनी ओढणारी, जिचं पेट्रोल इंजिन उतरवून आपण डिझेलचं चढवलं होतं. गेल्या महिन्यात टोचन लावून आणली तिला. हौद्याचा पत्रा कुजलाय, एका दिव्याच्या जागी चिमणीचं घरटं होतं, आणि आपण मारलेल्या हिरव्या रंगाला आता काय म्हणायचं ते मलाही सांगता येणार नाही. सावेडीत माझ्या गॅरेजसमोरच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ रोज स्कूटर थांबवून विचारतात, "हे भंगार कधी उचलणार?" मी रोज "उद्या" म्हणतो. तुम्ही असता तर त्यांना आत बोलावून चहा पाजला असता आणि गाडीखाली झोपवून चेसिस दाखवली असती. माझ्यात तेवढा धीर नाही. तुमच्याकडून तो घ्यायचा राहूनच गेला.

गाडी घेऊन आली ती गाडीच्या मालकांची, त्या दूधवाल्यांची मुलगी. वडील आता थकलेत, खर्ड्याच्या पुढच्या वाड्यांवरचं दूध गोळा करायचं काम तीच बघते. चाळिशीची बाई, बोलायला फटकळ. मी तिला समजावून पाहिलं, की या इंजिनाचे पार्ट आता कुठेच मिळत नाहीत, नवी पिकअप घ्या. ती म्हणाली, "घेतलीय की. ती डांबरीवर पळती. पावसाळ्यात वरच्या तीन वाड्यांवर हीच चढती, दुसरी कुठली न्हाई. दोन म्हैनं झालं, तिथल्या बाया डोक्यावर दूध घिऊन खाली यायल्यात." एका अपघातातल्या पिकअपचं चांगलं इंजिन मिळालं, ते हिच्यात बसवायचं ठरलं. म्हणजे तुमचंच काम, दुसऱ्यांदा.

तुमचं जामखेड रस्त्यावरचं गॅरेज आता नाही. तिथे टाइल्सचं दुकान आहे. पण मी तिथून जातो तेव्हा अजून डिझेलचा आणि तुमच्या घरून यायच्या खिचड्याचा वास येतो. आयटीआय करून तुमच्याकडे लागलो तेव्हा मला सगळं येतं अशी माझी खात्री होती. पहिल्याच आठवड्यात तुम्ही शेजारी येऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "नट आवळताना दात कशाला खातो रं? नटाला काय दिसतंय व्हय तुझं तोंड?" सगळं गॅरेज हसलं. तुम्ही हसला नाहीत. पाना हातात धरायचा कसा ते दाखवलंत आणि निघून गेलात. तुमचं रागावणं असं होतं, की माणूस घरी जाऊन हसायचा आणि दुसऱ्या दिवशी नीट काम करायचा. पेपर मात्र तुम्ही मलाच मोठ्यानं वाचून दाखवायला लावायचा, रोज, चहाच्या वेळी, अगदी शेतमालाच्या भावापर्यंत. तुम्हाला एक गुंठा जमीन नव्हती.

तुमच्या दोन पद्धती मी अजून सोडलेल्या नाहीत. एक म्हणजे ठिपके. गॅरेजमध्ये जो कोणी एखादा भाग घडवेल त्यानं त्यावर पंचनं आपले ठिपके मारायचे. तुमचे दोन, माझे तीन. भाग मोडला तर कोणाला धरायचं ते कळायला पाहिजे, असं तुम्ही म्हणायचा. चांगला निघाला तर कौतुक कोणाचं, हे मात्र ठिपक्यांवरून बघायचं नाही. आणि दुसरी बशी. इंजिन बदललेल्या गाडीची मागची चाकं लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, उचलायची, गाडी तिसऱ्या गिअरला जोरात फिरवत ठेवायची, आणि हौद्यात, मागची चाकं फिरवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या बरोबर वर, चहानं काठोकाठ भरलेली बशी ठेवायची. चहा सांडला तर इंजिन वाकडं बसलंय. नाही सांडला, तर ज्यानं इंजिन बसवलं त्यानं तो सगळ्यांसमोर प्यायचा. यंत्रं आता माझ्याकडेही आहेत, आकडे दाखवणारी. तरी गिऱ्हाईक बशीच मागतं.

खर्ड्याच्या गाडीला तीस-बत्तीस वर्षं झाली असतील. इंजिन आणि गिअरबॉक्स ज्या लोखंडी पायांवर बसतात, ज्याला आपण फाउंडेशन म्हणायचो, ते पहिल्यांदाच तुम्ही पूर्णपणे माझ्यावर सोपवलं होतं. थोरल्या मेकॅनिकला ते आवडलं नव्हतं. "पोरगं नवं हाय," तो म्हणाला. तुम्ही म्हणालात, "नवं हाय म्हनूनच. जुन्याला काय द्यायचं?" मी तीन दिवस खपून ते केलं. स्पिरिट लेव्हल इंजिनावर ठेवली, बुडबुडा अगदी मधोमध आणला आणि वेल्डिंग मारलं. संध्याकाळी थोरल्यानं गाडी धुतली. मी बिडी ओढत बघतोय, तर पाणी गाडीखालून सरळ पुढे, गटाराकडे धावतंय. फरशीला उतार होता! पाणी वाहून जावं म्हणून तुम्हीच तो ठेवला होता, आणि गॅरेजमध्ये झाडू मारणाऱ्यालाही तो माहीत होता. गाडी उतारावर उभी होती आणि मी इंजिन जमिनीच्या हिशेबानं सरळ केलं होतं. म्हणजे गाडीच्या हिशेबानं ते तिरकं होतं. तुमच्यासारख्या वस्तादाच्या गॅरेजमध्ये असली चूक मी एकट्यानंच केली असेल. बोलायला पाहिजे होतं. बोललो नाही. थोरल्याचं तोंड डोळ्यांसमोर आलं आणि मी बिडी विझवून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला देवळाली प्रवराला पाठवलंत, तिथल्या एका भंगारवाल्याकडून पंख्याचं पातं आणायला. रमजान चालू होता, ऊन नुकतंच तापायला लागलं होतं. एसटीनं जाऊन, त्याच्या ढिगात अर्धा दिवस उपसून मी ते पातं आणलं. येताना सगळा रस्ता बशीतून सांडणारा चहा दिसत होता. तुम्ही पातं हातात घेतलंत, "झ्याक हाय" म्हणालात आणि खिळ्याला अडकवलंत. ते कुठल्याच गाडीला कधी लागलं नाही. गॅरेज बंद झालं तेव्हाही ते तिथेच होतं. मला तेव्हा एवढंच वाटलं, की म्हाताऱ्यानं माझा दिवस फुकट घालवला.

आणि मग ती बशी. दूधवाले आलेत, थोरला हाताची घडी घालून उभा आहे, चाकं हवेत गरगरतायत. तुमचा रोजा, ओठ सुकलेले, आणि तुम्ही आपल्या हातानं बशी भरताय. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर चहाच्या कडेला बारीक थरथर होती, बस्स. एक थेंब सांडला नाही. तुम्ही बशी माझ्यासमोर धरून म्हणालात, "घे. तुझा चहा हाय." थोरल्यानंही पाठीवर थाप मारली. त्याच संध्याकाळी तुम्ही तुमचा रिंग पान्यांचा जुना संच मला दिलात, कापडात गुंडाळलेला. त्याच पान्यांवर मी हे गॅरेज उभं केलं. मी स्वतःला पटवलं, की उतार फारसा नसेल, नशिबानं निभावलं. पुढे दोन-तीन महिन्यांनी, दुसऱ्याच कुठल्या गाडीवर काम करताना, तुम्ही सहज बोलल्यासारखं म्हणालात, "लेव्हल चेसिसवर ठिवत जा. आपली फरशी पानी जायला हाय, इंजिनासाठी न्हाई." मी मान हलवली. तुमच्या तोंडाकडे बघायची हिंमत झाली नाही.

गेल्या आठवड्यात मी त्या गाडीचं जुनं इंजिन उतरवलं. गिअरबॉक्सखालचं रबर काढलं, तेलाचा राप खरवडला, आणि त्याखालून एक लोखंडी पाचर निघाली. एका बाजूला बोटाएवढी जाड, दुसऱ्या बाजूला निमुळती, हातानं कानस मारून केलेली. मी ती केलेली नव्हती. रॉकेलनं पुसली, उजेडात धरली, तर कोपऱ्यात दोन ठिपके.

मी तिथेच खाली बसलो. माझ्याकडचा मेकॅनिक धावत आला, त्याला वाटलं मला चक्कर आली. मी पातं आणायला गेलो त्याच दिवशी थोरलाही त्याच्या गावी गेला होता हे मला तेव्हाच कळलं होतं, पण मी कधी दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या नव्हत्या. आम्हा दोघांनाही तुम्ही बाहेर काढलंत. मग रोजा असताना, पाण्याचा घोट न घेता, पन्नाशी उलटलेले तुम्ही त्या गाडीखाली एकटे शिरलात, जॅकनं गिअरबॉक्स उचललात, पाचर घासत बसलात. तेही तुमचे ठिपके मारून! म्हणजे उद्या काही मोडलं असतं तर बोल तुमच्यावर आला असता. आणि दुसऱ्या दिवशी बशी माझ्या हातात दिलीत. इतकी वर्षं मी मनातल्या मनात समजत होतो, की मी तुम्हाला फसवलं. वस्ताद, मला तुमचा इतका अभिमान वाटला, आणि स्वतःची इतकी लाज वाटली, की त्या दिवशी मी पुढे काहीच काम केलं नाही. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली. कोणाला सांगणार?

नवं इंजिन काल बसलं. त्याला पुढचे पाय नवे करावेच लागले. गिअरबॉक्सखालचं माझं जुनं, तिरकं फाउंडेशन मात्र मी तसंच ठेवलं. दूधवाल्यांच्या मुलीनं विचारलं, "ह्ये बी नवंच करा की." मी म्हणालो, "जुनं वेल्डिंग मजबूत आहे, चेसिसला उगाच कशाला कापायचं?" हे खोटं नव्हतं. पण खरं कारण असं, की ते कापून सरळ केलं असतं तर तुमची पाचर लागली नसती. आज सकाळी बशी ठेवली. नाही सांडला. ती बाई टाळ्या वाजवायला लागली, समोरच्या बिल्डिंगमधले गृहस्थसुद्धा स्कूटर बंद करून बघत होते. चहा पिण्याआधी मी सगळ्यांना सांगितलं, की मागची बाजू माझ्या वस्तादांनी बसवलेली आहे. बाकीचं सगळं, फरशीच्या उतारासकट, माझ्या मेकॅनिकसमोर सांगितलं. तो हसला. तुम्ही मला हसला नव्हतात. दुपारी ती बाई गाडी स्वतः चालवत खर्ड्याला घेऊन गेली.

हे मी जॉबकार्डांच्या पाठीमागे लिहिलंय, तुम्हाला वाचून दाखवायची सवय आहे म्हणून मोठ्या अक्षरात. पाठवायचं कुठे? पान्यांच्या पेटीत, त्या जुन्या कापडाखाली ठेवतोय.

एक राहिलं. पाचर परत बसवण्याआधी तुमच्या दोन ठिपक्यांशेजारी मी माझे तीन मारले. तिसरा वाकडा गेलाय. पुन्हा मारला नाही.