'शांतिबन'ची वेबसाइट

२ जानेवारी
ठरलं. आपल्या खोल्यांची आपली वेबसाइट. घोटावड्यात पहिली. मागच्या चार खोल्यांपैकी तीन रिकाम्या आहेत. सगळे आयटीवाले शेजारच्या जांबे गावात जाऊन राहतात. त्यांना शांतता हवी असते, फक्त ती कुठे मिळते हे सांगणारं कुणी नाही. मी सांगणार. नाव 'शांतिबन'. चौथ्या खोलीतला भाडेकरू निरंजन (लातूरचा, हिंजवडीत नोकरी) म्हणाला, काका, सीएमएस घ्या, वेबसाइटचं तयार सॉफ्टवेअर, कोड लिहावा लागत नाही, नुसतं भरत जायचं. रविवारपर्यंत होईल.

४ जानेवारी, रविवार
थीम, म्हणजे साइटचा तयार साचा, बसवली. मेनू गायब. पुन्हा बसवली. मेनू आला, पण पानाच्या तळाला. मी चिडलो नाही. माउस भिंतीवर आपटला तो फक्त चालतो का बघायला. चालत नाही.

५ जानेवारी, सकाळ
नवा माउस. संकल्प : आवाज चढवायचा नाही. 'आमच्याबद्दल' हे पान लिहिलं. 'मालक अत्यंत शांत स्वभावाचे.' कल्पनाला वाचून दाखवलं. सख्खी बायको, पण दाद नाही. भाकरी जरा जोरात थापली, एवढंच.

दुपार
पान उडालं. निरंजन म्हणाला, काका, तुम्हीच डिलीट केलंत. मी त्याला मारलेलं नाही. मी पेला फेकला, त्याचं कपाळ मध्ये आलं. टेंगूळ किरकोळ. संध्याकाळी खोली सोडून गेला. बरंच झालं. चारही खोल्या मोकळ्या, फोटो काढायला सोपं.

८ जानेवारी
फोटो. खोल्यांच्या खिडकीतून कंपनीची भिंत दिसते, दुसरं काही नाही. शेजारी चुलतभाऊ किशोरचा नवा बंगला : लॉन, झोपाळा, मागे डोंगर. एकाच आजोबांची नातवंडं आम्ही. डोंगर तर कुणाच्याच नावावर नाही. बंगल्याचा फोटो पहिल्या पानावर टाकला. खाली ओळ : 'आपलंच घर समजा.'

९ जानेवारी
साइट तयार! देवळापुढच्या पारावर लॅपटॉप उघडून भावकीला दाखवली. सगळे गप्प. भारावले असणार. मग किशोर पुढे आला.
"ह्यो माझा बंगला हाय."
मी समजावलं, अख्खं जग बघतंय आता, शोभत नाही.
"जग ग्येलं खड्ड्यात. फोटू काढ."
मी म्हणालो, हात लावून दाखव. त्याने लावला. माझ्या कानाखाली.
पुढचं सगळं स्वसंरक्षण. हातात लॅपटॉप होता, तोच त्याच्या तोंडावर घातला. पुढचा दात पडला. त्याने कुणाच्या तरी फावड्याचा दांडा उचलला. माझ्या मनगटात कट्‌कन वाजलं. मी त्याच्या पोटात लाथ घातली, त्याने माझं डोकं पाराच्या दगडावर आपटलं. पारावर बसलेले भैरूमामा सोडवायला आले, त्यांची भुवई फुटली. कुणाच्या हातून, यावर मतभेद आहेत. फरशीवर रक्त. शेवटी किशोरची आई, लीलाकाकू, आमच्या मध्ये येऊन उभी राहिली. "मरा! दोगंबी मरा हितंच!" मग थांबलो.
एकूण मी जिंकलो.

१० जानेवारी
मनगट मोडलंय. प्लास्टर. डाव्या हाताने लिहितोय. डोक्याला टाके. कल्पना पातळ भात घेऊन किशोरकडे गेली, त्याला चावता येत नाही. मला परत आल्यावर वाढलं. किशोरने पोलिसांत तक्रार दिली : मारहाण आणि इंटरनेटवर बंगल्याचा फोटो टाकून फसवणूक. देऊ दे. साइटची जाहिरातच होईल.

१२ जानेवारी
पोलीस चौकीत बोलावलं. कल्पना सोबत. समोरच्या बाकावर किशोर. हवालदार म्हणाले, फोटो दाखवा. लॅपटॉप फुटलेला. त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर पत्ता टाकला. पांढरं पान. 'लवकरच येत आहोत.' किशोरच्या मोबाइलवर तेच. कल्पनाच्याही.
कल्पनाने निरंजनचा नंबर दिला. हवालदारांनी फोन लावला, स्पीकरवर.
"सर, त्यांनी साइट पब्लिश केलीच नसेल," तो म्हणाला. "तोवर ती फक्त त्यांच्याच लॅपटॉपवर दिसते."
"म्हंजी ह्यो फोटू कुणीच बघितला न्हाई?" किशोर म्हणाला.
"पारावरच्यांनी बघितला की," हवालदार म्हणाले.
किशोर माझ्याकडे वळला. मी प्लास्टरचा हात तोंडापुढे धरला. पण तो हसला. ओठ सुजलेला, दाताच्या जागी भोक. दुखत असणार, तरी हसत राहिला, आणि हसता हसताच शर्टाच्या बाहीने डोळे पुसायला लागला. कल्पना उठली, त्याला पाणी दिलं आणि त्याच्या बाकावर बसली.
मी प्लास्टरचा हात खाली घेतला नाही. चेहरा दिसला असता.