थेंब गळणार नाही

४ ऑक्टोबर

पुन्हा तीच बैठक. शेडमध्ये, उरलेल्या वाळूच्या ढिगावर. मी, रंगारी आणि सुतार. काम बंद होऊन सहा आठवडे झाले. बिल्डर आता तयार भिंती ट्रकमधून आणतो आणि क्रेननं उभ्या करतो. गवंड्याला विचारतो कोण! त्यात माझा उजवा गुडघा सुजून टम्म.

तर दुसरा धंदा काय करायचा?

रंगारी म्हणे, शोभेचे मासे विकू. मासे! याला घरचं मांजर सांभाळता येत नाही.

सुतार म्हणे, घरोघरची दुरुस्ती. "दार घासतंय, फरशी हलतेय, भिंतीला ओल आलीय. तिघं मिळून सगळं करू." म्हणजे अठरा वर्षं मजले चढवले आणि आता लोकांच्या मोऱ्यांत उकिडवं बसायचं? या गुडघ्यानं? सरळ नाही म्हणालो.

"दादा, तुम्हाला धंदा नकोय. नाही म्हणायला विषय हवाय."

सुतार धाकट्या बहिणीचा नवरा आहे म्हणून वाचला. नाहीतर थापी फेकून मारली असती.

९ ऑक्टोबर

संध्याकाळी बहीण आली. रोज येते, आई गेल्यापासून. पंधरा मिनिटं बसते, माझ्याशी भांडते, जाते. आज भांडली नाही, तेव्हाच कळलं काहीतरी आहे.

"दादा, ह्यांना परगावाहून बोलावणं आलंय. फर्निचरचा कारखाना. राहायला खोलीपण देतायत. ३० नोव्हेंबरच्या आत कळवायचंय." मग हळूच, "इथं काही जमलं तर आम्ही कशाला जातोय?"

म्हणजे सगळं माझ्या गळ्यात! जा म्हणालो, खुशाल जा. ती चहा न पिता उठली.

११ ऑक्टोबर

सुचलं! सिमेंटच्या कुंड्या. साचा शेडमधल्या फळ्यांचा, सिमेंट-वाळूचा माल हाताशी, आणि काम बसून. सुताराच्या कुबड्या लागणारच नाहीत.

साचा मात्र त्यानंच केला. मी सांगितलं नव्हतं. सकाळी गेलो तर तयार. काटकोन तपासला, चूक सापडेना. चिडचिड झाली.

१९ ऑक्टोबर

पहिल्या चार कुंड्या सोडवल्या. काय झाल्यात! आतून कोऱ्या सिमेंटनं घोटल्या, मालात वॉटरप्रूफिंगची पावडर घातली, पाण्याच्या टाकीला घालतो तशी. काठोकाठ भरून दोन दिवस ठेवल्या. बाहेर ओलाव्याचा डागसुद्धा नाही. आयुष्यभर गच्च्या आणि टाक्या केल्या, माझ्या हातच्या कामातून पाणी कधी गळलेलं नाही. कुंडीवर लिहून द्यायला तयार आहे.

सुतार बराच वेळ कुंडीत बघत उभा होता. म्हणाला, "दादा, पाणी साठतंय."

"मग! साठणारच. उगाच नाही घोटली!"

त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. जळतो मेला.

२७ ऑक्टोबर

सुतार दिवसभर ड्रिलची बिटं पालटतोय. लाकूडकाम तर काही दिसत नाही, मग बिटं बोथट होतात कशानं? विचारलं तर म्हणे, "जुनी झालीत." कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. खोटं बोलताना त्याचं हे असंच असतं.

जेवायला घरीसुद्धा येत नाही. मी घरी गेलो की शेडमध्ये काय करतो देव जाणे.

२९ ऑक्टोबर

पहिला टेम्पो रवाना! बारा कुंड्या, नर्सरीवाल्याकडे. उचलायला सुतार आणि रंगारी, माझा गुडघा वाकतच नाही. नर्सरीवाल्याला फोनवर ठणकावून सांगितलं — थेंब गळणार नाही, गॅरंटी. तो हसला. हसू दे.

बहिणीला कळवलं, जमतंय म्हणून. म्हणाली, "हे पण म्हणत होते, दादाच्या हाताला तोड नाही." सुतार असं म्हणाला? माझा विश्वास नाही बसत.

१७ नोव्हेंबर

दगाबाज!

दुसऱ्या खेपेच्या चौदा कुंड्या ओळीनं मांडल्या होत्या. एक कलंडवली, कोपरा झडलाय का बघायला. बुडाला भोक! गोल, बोटभर, मधोमध. दुसरी कलंडवली, भोक! अशा पाच. माझ्या घोटलेल्या, टाकीसारख्या कुंड्या, आणि खालून आरपार!

म्हणजे रोज दुपारी हेच चाललं होतं. बिटं यातच बोथट झाली. माझा धंदा बुडवायचा आणि माझ्या बहिणीला घेऊन परगावी जायचं, हा त्याचा बेत!

तो आला तेव्हा ती कुंडी त्याच्या पायापाशी आपटली. चार तुकडे.

"काय आहे हे?"

"दादा, ऐका तरी —"

"अठरा वर्षं ऐकलं तुझं! चल, पेटी उचल. आणि पुन्हा या शेडची पायरी चढलास तर याद राख!"

त्यानं एकेक हत्यार पुसून पेटीत ठेवलं. मला वाटलं भांडेल. निदान शिवी तरी देईल! रंगारी दारात उभा, मासे मेल्यासारखं तोंड करून.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, पण कुंडीला खालून —"

"तू त्याची बाजू घेऊ नकोस!"

भाजी पुढ्यात आदळून आत गेली.

१८ नोव्हेंबर

बहीण आली नाही.

२३ नोव्हेंबर

आलीच नाही. रंगारीपण येत नाही. शेडमध्ये एकटा बसून उरलेल्या कुंड्यांवर पाणी मारतो. बरं झालं, डोक्याला ताप नाही. कोणी दादा दादा करत नाही.

२८ नोव्हेंबर

दोन दिवस आधीच निघाले. रंगाऱ्यानं सांगितलं. आठच्या गाडीनं, दोन पेट्या आणि एक गादी. बायको स्टँडवर जाऊन आली. मी नाही गेलो.

"बहीण काही म्हणाली?" असं विचारायचं नव्हतं, तरी विचारलं गेलं.

"तुमच्या गुडघ्याला शेक द्यायला सांगितलंय."

गेले तर गेले.

६ डिसेंबर

नर्सरीवाला स्वतः आला. म्हटलं, पैसे द्यायला आला असेल. टेम्पोतून पाच कुंड्या उतरवल्या. वास! आत चिखल, झाडं काळी पडून कुजलेली.

"मिस्त्री, यात मासे पाळायचे होते का?"

मला काही समजेना. पाणी गळत नाही म्हटलं, गॅरंटी आहे.

"अहो तेच तर! पाणी जायला जागाच नाही. मुळं सडली. भोकवाल्या सात होत्या, त्या चार दिवसांत खपल्या. तशा अजून तीस हव्यात." मग इकडंतिकडं बघत, "तुमचे मेव्हणे कुठायत? टेम्पोबरोबर आले होते. मला म्हणाले, सातच झाल्या, उरलेल्या पाचांना आठवड्यात येऊन भोकं पाडतो, तोवर झाडं लावू नका. पण आमच्या माळ्यानं लावून टाकली. आणि म्हणाले, दादांना यातलं बोलू नका. त्यांच्या हाताला कोणी नाव ठेवलेलं त्यांना सोसत नाही."

आठवडाभरानं खरंच आला असणार तो, तर झाडं लावलेली. आणि पुढच्या खेपेला आधीच भोकं पाडायला बसला. शाळेतल्या पोराला ठाऊक असतं ते मला पन्नाशीत ठाऊक नाही, कारण मी जन्मात एक झाड लावलं नाही. जन्मभर फक्त पाणी अडवलं. सुतार सांगत होता, बायको सांगत होती. मी कोणाला तोंड उघडू दिलं?

नर्सरीवाला गेल्यावर फोन लावला. बहिणीनं कट केला.

७ डिसेंबर

त्या दिवशी न कलंडवलेल्या नऊ कुंड्या एकेक करून पालथ्या घातल्या. गुडघा गेला खड्ड्यात.

नऊच्या नऊ कुंड्यांच्या बुडाला पेन्सिलची फुली. बरोबर मधोमध. पाडायची राहिलेली भोकं.

ड्रिल त्याच्या पेटीत गेलं.