मुकादमाच्या बापाची खुर्ची

प्रिय ताई,

ढब्बूच्या वाढदिवसाला केक कापायच्या आधीच मी निघून आले म्हणून तू फुगली आहेस, हे मला माहीत आहे. पोटात दुखतंय हे कारण तुला पटलं नाही, आणि पटू नयेच. त्या दवाखान्याने माझं डोकं फिरवलंय, मला चार माणसांत बसायची सवय राहिली नाही, असा तुझा निरोप मिळाला. त्यातलं अर्धं खरं आहे. तेव्हा आधी माझ्या डोक्याचं सांगते, मग ढब्बूचं.

माझ्या वॉर्डाबद्दल मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. लहान मुलांचा वॉर्ड म्हटलं की तुझ्या डोळ्यांपुढे भिंतीवरचे ससे येतात. ससे आहेत. पण आमच्या टोकाच्या खोलीत येणारी मुलं ताप आला म्हणून येत नाहीत. घरच्यांनी मारलेली, भाजलेली, उपाशी ठेवलेली असतात ती. त्यांना हात लावण्याआधी सांगावं लागतं, आता दंडाला हात लावते हं, आता पाठीला. त्यांच्याजवळ उभं असताना हात पटकन वर करायचा नाही, हे नव्या मुलींना आम्ही पहिल्याच दिवशी शिकवतो.

त्यांतल्या एका पाच वर्षांच्या पोराला आम्ही मुकादम म्हणायचो. एक हात प्लास्टरमध्ये, दुसरा पाठीमागे ठेवून सगळ्या खाटांवरून फिरायचा. कोणी दूध टाकलं, कोणी बिस्किट ठेवलं, सगळ्यांची झाडाझडती. उरलेली बिस्किटं अर्थातच त्याच्या उशीखाली. इंजेक्शनच्या वेळी मलाच दम द्यायचा, नीट टोच म्हणून. रीतसर चौकशी झाली. बापाने गळा काढला, आई नुसतं ‘पडला, पडला’ म्हणत राहिली, आणि पोराला घरी पाठवायचं ठरलं. त्याला आंघोळ मी घातली, भांग मी पाडला, शर्टाची बटणं मी लावली आणि त्याच माणसाच्या हातात दिला. वर हसून म्हणाले, काळजी घ्या. शी! दुरुस्त करायचं आणि पुन्हा मोडायला द्यायचं, याला काय शुश्रूषा म्हणतात?

थोड्याच दिवसांत तो परत आला. या वेळी दुसरा हात. मागोमाग बापही. नातेवाइकांशी गोडच बोलायचं असा आमच्याकडे शिरस्ता आहे, कारण ते चिडले तर मूल उचलून नेतात आणि पुढच्या वेळी आणतच नाहीत. शहाणपणाचा नियम आहे, मला मान्य आहे. म्हणून मी त्याला खुर्ची दिली. त्याने चहा मागितला, तोही दिला. साखर कमी आहे म्हणाला, तर ताई, मी साखर आणायला गेले! कप परत घेताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. बेसिनपाशी जाऊन मी हात धुतले, पुन्हा धुतले, चामडी सोलवटेपर्यंत घासले. किळस जाईना. कशी जाईल? ती नुसती त्याची नव्हती, माझ्या हसऱ्या तोंडाचीही होती. मी कोणाला साखर आणून देते ते मुकादम खाटेवरून बघत होता. त्यानंतर माझ्या हातचं बिस्किट त्याने घेतलं नाही.

मोठ्या सिस्टर म्हणतात, रडायचं असेल तर चादरींच्या खोलीत जा. पूर्वी जायचे. आता रडूही येत नाही. परवा एक भाजलेली मुलगी आली आणि माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? माझी ड्यूटी कधी संपतेय. इतकी निबर झालेय मी. मला इथून हलवा, मोतीबिंदूच्या म्हाताऱ्यांकडे टाका, असं त्यांना सांगूनही आले.

अशी मी तुझ्याकडे आले. म्हटलं, निदान एका घरात तरी पोरं नुसती पोरं असतील. स्वयंपाकघरात ढब्बू माझ्या पायांत घुटमळत होता. फळीवरच्या बशा काढायला मी हात वर केला, तर तो मटकन खाली बसला, दोन्ही कोपरं कानांवर घट्ट. “मी काही नाही केलं, मावशी,” म्हणाला. मला! जिच्या खांद्यावर बसून झिंज्या ओढायचा, त्या मला. त्याच्या अंगावर सरबत सांडलं होतं म्हणून मी चड्डी बदलायला घेतली. मांडीच्या मागे वळ होते, दुमडलेल्या वायरचे, टोकाशी गोल. तू दारातून म्हणालीस, “सायकलवरून पडला गं.” माझ्याकडे न बघता. बाहेर भावजी फुगे फुगवत होते. काय मेहुणीबाई, एक तुम्हालाही देऊ का, म्हणाले. आणि मी हसले. सवयीने हसले, ताई! पोटात दुखतंय म्हणाले, चपला घातल्या आणि निघाले.

पडणारं मूल पुढे पडतं. त्याचं कपाळ फुटतं, गुडघे खरचटतात. मांडीच्या मागे असले वळ सायकल उठवत नाही, हे तुला मी सांगायला नको.

चित्रकलेच्या सरांनी माझा कान रक्त येईपर्यंत पिळला होता, आठवतं? मधल्या सुट्टीत तू थेट त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, माझ्या बहिणीला पुन्हा हात लावायचा नाही. घरी आल्यावर भीतीने ओकलीस. पण बोललीस. मी त्या ताईला लिहितेय.

हे पत्र पोस्टाने आलेलं नाही. ज्या बाईंनी ते तुझ्या हातात दिलं, त्या अशा मुलांसाठीच काम करतात. त्यांना मी कळवलं. शेजाऱ्यांवर उगाच संशय घेऊ नकोस, माझं नाव खुशाल सांग. तुझा नवरा घरी नसेल अशाच वेळी त्या आल्या आहेत. नुसतं कळवून सगळं मार्गी लागत नाही, मुकादमाचं तुला सांगितलंच. पण त्याची आई एक वाक्य खरं बोलली असती, तर मला त्याचा भांग पाडून त्याला परत द्यावा लागला नसता. पाकिटात माझ्या घराची किल्ली आहे, दाटीवाटीने तिघं राहू. आता बाईंना आत घे, बसायला खुर्ची दे. त्या विचारतील, ढब्बूला काय झालं. पडला म्हणू नकोस.

तुझीच,
धाकटी