चित्रांच्या जागी चौकटी

बाई, चित्रं दाखवत रामायण सांगणाऱ्या पिंगुळीच्या चित्रकथींवरचा तुमचा लेख काल मी मालवणच्या सायबर कॅफेत वाचला. तो अंक हातात पडल्यावर वर्षभरात तुम्ही गेलात; त्या संशोधन त्रैमासिकाचे जुने अंक आता इंटरनेटवर ठेवलेत. लेख आहे, चित्रं नाहीत; त्यांच्या जागी नुसत्या करड्या चौकटी. संग्रहालयाने चित्रांची परवानगी दिली होती ती कागदावर छापण्यापुरती. इंटरनेटसाठी ती नव्याने मागायची होती. मी पत्रांवर पत्रं धाडली, पण ते ताकास तूर लागू देईनात. संपादक फोनवर म्हणाले, "चित्रांशिवाय या लेखात काय उरतं? गाळूया." तुमचा उभ्या आयुष्यातला हा एकच छापील लेख! मी इतकी भांडले, की तुम्हीच मला "हळू गो" म्हणाला असतात.

मला तुमचं स्वयंपाकघर दिसतं. तुम्ही नारळ खवताय, आणि तुमची विद्यार्थिनी म्हणून मी मोठ्या तोऱ्यात चित्रांखालच्या ओळी लिहितेय. एकाखाली लिहिते, 'रावण-जटायू युद्ध'. तुम्ही वाचता आणि खवणं थांबतं. "चित्र आसा म्हणान लिवचा नाय काय गो? जेका दिसना नाय, तेका सांग!" पिंगुळीच्या देवळात आपण दोघींनी पाहिलं होतं, मागे बसलेल्या म्हाताऱ्यांना हातभर कागदावरचं काही दिसत नव्हतं, आणि सांगणारा आवाज चढवून त्यांच्यासाठीच सांगत होता. मी विसरले, तुम्ही नाही. मला राग आला. मग तुम्ही ओल्या हातांनीच ती ओळ खोडून स्वतः लिहिलीत, आणि काय लिहिलीत!

काल कॅफेवाल्याने डोकावून विचारलं, "चित्रा खंय आसत?" मी चौकटीखालचं मोठ्याने वाचलं: जटायूचा एक पंख अजून आभाळात आहे, दुसरा तुटून रथाच्या चाकाखाली, रावण तिकडे न बघता सीतेकडे बघतो आहे. तो त्या रिकाम्या चौकटीकडेच बघत राहिला. मग म्हणाला, "आणि सीता खंय बघता?" तुमचं पुढचं वाक्य तेच होतं, बाई. सीता पंखाकडे बघते आहे.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून सांगून टाकते. संग्रहालयाची परवानगी आज सकाळी आली. संपादकांना मी अजून कळवलेलं नाही.