दुपारची गिऱ्हाइकं

३ मार्च
काल ताईकडे कायमचा राहायला आलो. सामान म्हणजे दोन बॅगा आणि मी. त्यात जास्त जड मी. ताई बहात्तरची, मी सहासष्टचा, तरी अजून मला छोट्या म्हणते. खोली झकास आहे. खिडकीशी टेबल, वर दिवा. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली आणि आता शर्टाचं बटण लागत नाही. पार्किन्सन. जुन्या गोळीचा जोर दोन तासांत ओसरतो, मग मी जागच्या जागी लाकूड होतो. डॉक्टरीणबाईंनी आजपासून नवी गोळी जोडून दिली. मेंदूतलं डोपामिन आटलंय, ही त्याचं सोंग घेऊन काम करते म्हणाल्या. सोंग तर सोंग. रोज तक्ता भरायचा: हात कधी चालले, कधी अडले, नसलेलं काही दिसलं का. दिसलं तर गोळी कमी करू, पण स्वतःहून अचानक थांबवायची नाही, हे दोनदा बजावलं.

१२ मार्च
आज बटण मी लावलं. ताईने डोळे पुसले आणि कांद्यावर ढकललं. कांदा अजून चिरलेलाच नव्हता. मग तिचं बंद पडलेलं गजराचं घड्याळ उघडलं. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरली, हात हलला नाही. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. बायको असती तर हे वाक्य लिहायची टाप नव्हती.

२० मार्च
जेवून खोलीत आलो तर पलंगावर एक गृहस्थ. मांडीवर टोपी, तळहातावर मनगटी घड्याळ. दुकानात गिऱ्हाइकं नंबरची वाट बघत बसायची, तसे बसलेले. चष्मा पुसला, तरी होते. हे गोळीचे प्रताप, मला कळतं. तक्त्यात लिहिलं, काही दिसलं नाही. गोळी कमी झाली की हात गेले. एक मुका पाहुणा परवडला.

२९ मार्च
आता दुपारी सहा-सात असतात. एकही शब्द बोलत नाहीत. मी काम करत राहतो. रेडिओ उघडला, मिक्सर उघडला, कपाटाचं कुलूपसुद्धा. स्क्रू मापाने ओळीत लावायचे, ओळ मोडायची, पुन्हा लावायची. जेवायला उठवत नाही. ताई म्हणाली, "छोट्या, घरात एक वस्तू तरी धड राहू दे." हसत म्हणाली, पण सुऱ्या कुठेतरी ठेवून दिल्या.
तक्ता स्वच्छ बघून डॉक्टरीणबाई खूश. गोळी वाढवली.

५ एप्रिल
त्यांच्या हातात आता घड्याळं नाहीत. ताई आत आली की सगळे तिच्या छातीकडे बघतात. तिथे कातडीखाली पेसमेकर आहे, दोन वर्षांपूर्वी बसवलेला. मी दुर्लक्ष करत होतो. आज मलाही ऐकू आला. मागे पडतोय. मिनिटाला दोन ठोके —
ताईला विचारलं, बरी आहेस ना. म्हणाली, ठणठणीत.

८ एप्रिल
दुपार. ताई झोपलेली. मी तिच्या पलंगाशी — कधी आलो आठवत नाही. हातात बारीक पेचकस. तिच्या गळ्याखालची दोन बटणं उघडलेली. मीच उघडली होती. हात जराही कापत नव्हता.
ती जागी झाली. बटणं लावली आणि म्हणाली, फार उकडतंय.
नव्या गोळ्या संडासात टाकल्या. सगळ्या. भीती वाटते, माझीच. डॉक्टरीणबाईंना सांगायचं तर तक्ताभर खोटं लिहिलंय. ताईला कुठल्या तोंडाने —

११ एप्रिल
अक्षर मुंगीएवढं झालंय. घाम. जुनी गोळी अर्धा तास पुरते. ते गेले नाहीत. पण मला उठता येत नाही, म्हणजे ताईला धोका नाही. एवढंच हवं होतं.

१२ एप्रिल
न्हाणीघरात काहीतरी पडलं. मोठं. ताई हाक मारतेय — की तेच — नाही, त्यांना कधी आवाज नव्हता. म्हणजे ताईच.
फोन पलंगावर. चार पावलं. पाय चिकटलेत. ओरडलो, घशाबाहेर काही येत नाही. फक्त ही बोटं —
ते सगळे दाराकडे बघताहेत.
छोट्या म्हणतेय. हळू झाली हाक. ताई, आलो — उठतोय — उठ