डब्यातली काडतुसं मी नेली

मुखरू भाऊजी,

तुमच्या दादांना घेऊन वडशाला नाटक पाहायला चालले. भाकरी टोपलीत आहे, वांग्याची भाजी झाकून ठेवली आहे.

आज रात्री डुकरांपासून धान राखायला जाताना, मालगुजारांच्या माणसानं काल दिलेली काडतुसं डब्यात शोधू नका. ती वडशाच्या ठाण्यात जमा करते. चष्मा लावून त्यांच्या बुडावरचा आकडा वाचला, मग आपल्या रायफलीच्या नळीवरचा वाचला. दोन्ही वेगळे आहेत. तुम्ही म्हणाल, "वहिनी, आत तं बराबर बसते ना!" माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तुमचे दादाही हेच म्हणाले होते. बसलं ते खरं, पण बार काढताच काडतूसच फाटलं, डोळा थोडक्यात वाचला. तेव्हापासून त्यांच्या उजव्या कानाशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. आजचं नाटक काल रात्री ठरवलं, तेही मी त्याच कानात विचारून!

आपल्या आकड्याची पाच काडतुसं देवाच्या फळीवर आहेत. चांद्याच्या दुकानातली, शिशाच्या टोकाची. गोळी सहसा डुकराच्या अंगातच अडकते, तरी खळ्यावर माणसं निजतात, त्या बाजूला नेम धरू नका. हिरवट डाग पडलेलं, सादळलेलं एकही घेऊ नका.

पाच पुरली नाहीत तर मचाणावरून डबा वाजवा. डुकरांनी धानाची अख्खी बांधी खाल्ली तरी मी काही बोलणार नाही. परवा आल्यावर माझ्यावर खुशाल रागवा. फक्त दोन्ही डोळे वटारून रागवा.

तुमची वहिनी,
सुगंधा