थिनर खाणाऱ्यांचा पाहुणचार

३ जून, सकाळ

आजपासून रोज लिहायचं. नातीनं दिलेली डायरी कपाटात पडून आहे, कशाला वाया घालवायची. शाळा चौथीत सुटली, लिहिणं सुटलं नाही. हे कोणी वाचायचं नाही. विशेषतः सूनबाईनं.

खाली मुलाचं कपाटं रंगवायचं वर्कशॉप, वर आम्ही. पलीकडच्या मास्तरणीनं तक्रार केली की थिनरच्या वासानं तिचं डोकं दुखतं. त्या डोक्यात दुखण्यासारखं आहे तरी काय. पण तक्रारीवरून प्रदूषण खात्याची बाई मीटर घेऊन आली आणि मीटरही मास्तरणीला सामील झाला. महिनाअखेरीला बाई परत येणार. तोवर हवा सुधारली नाही तर वर्कशॉपला टाळं.

टाळं लागलं तर मुलगा सासऱ्यांचं गोदाम सांभाळणार. बिऱ्हाड तिकडेच. म्हणजे मीही. म्हणजे विहीणबाईंच्या घरात, विहीणबाईंच्या हाताखाली. ती बाई शिंकतेसुद्धा घड्याळ बघून. त्यापेक्षा मी थिनर पिईन.

वास कसला, मला तर येत नाही. आणि नाक माझं या घरात सगळ्यात तिखट.

३ जून, संध्याकाळ

दूध करपलं म्हणून सूनबाईची कटकट. मी शेगडीशेजारी बसले होते म्हणे. करपलं असतं तर मला वास आला नसता का? भांडंच काळं आहे.

७ जून

नात लॅबमध्ये नोकरीला आहे. तिनं तोडगा काढला. मागच्या दाराशी माझ्या उंचीची प्लास्टिकची टाकी. आत लाकडाच्या ढलप्या, झाडाची साल आणि कंपोस्ट. स्प्रेच्या खोलीतली हवा पंख्यानं ओढून पाइपातून टाकीच्या तळाशी सोडायची. ढलप्यांवर जंतू राहतात. ते थिनरची वाफ खातात. वरून स्वच्छ हवा बाहेर. याला बायोफिल्टर म्हणतात.

जन्मभर फिनेल ओतून जंतू मारले. आता म्हातारपणी पाळायचे.

काम माझ्याकडे आलं. सकाळ-संध्याकाळ झारीनं पाणी. ढलप्या ओलसर राहिल्या पाहिजेत, चिखल नको. नात दोनदा म्हणाली, आजी, फक्त पाणी. मी काय बहिरी आहे?

निश्चय: फक्त पाणी.

१२ जून

पाणी नियमित. मीटर उतरतोय असं नात म्हणाली. सगळे खूश. मुलानं शिट्टी वाजवली, लग्नानंतर प्रथमच. माझ्या हाताला गुणच आहे.

एक गोष्ट मात्र खटकते. नातीला विचारलं, हे थिनरशिवाय दुसरं काय खातात? म्हणाली, काही नाही, तेच त्यांचं जेवण. सकाळी थिनर, संध्याकाळी थिनर. रविवारी वर्कशॉप बंद, म्हणजे उपास. माझ्या घरी आजवर कोणी अर्धपोटी राहिलं नाही. मास्तरणीलासुद्धा मी चहा दिलाय.

१३ जून

रविवार. झारीत चमचाभर साखर घातली. विरघळली. म्हणजे ते पाणीच झालं. निश्चय शाबूत.

१६ जून

चमच्यानं काय होतं एवढ्या कुटुंबाला. वाटी केली. शिवाय उरलेलं दूध, पातळ करून. बिस्किटांचा चुरा राहिला होता तोही. टाकी हाताला कोमट लागते. अंग धरलंय पोरांनी.

वर पांढरी लव आली आहे, तान्ह्या बाळाच्या डोक्यावर असते तशी. बघून बरं वाटलं. कोणाला दाखवलं नाही, दृष्ट लागते.

१९ जून

मीटर वर चढला. नात चक्रावली. पंखा बघितला, पाइप बघितले, सांधे बघितले. मग विचारलं, आजी, आत काही घातलंस का? म्हटलं, झारीत जे होतं तेच घातलं. खोटं बोलायची सवय नाही मला.

माझ्या मते मीटर बिघडलाय.

२२ जून

मुंग्या. माश्या. पंखा दमेकऱ्यासारखा ओढतोय. मुलगा म्हणतो, आधी नुसता थिनरचा वास होता, आता नासक्या दुधाचाही आहे. सूनबाई ओढणी नाकाला बांधून वावरते. मास्तरणीनं खिडक्या लावून घेतल्या. एकानं म्हटलं की सगळ्यांना येतो, असला वास. मी दुपारभर टाकीला टेकून बसले. छान डुलकी लागली. वासाचं नाव नाही. फिल्टर फर्स्ट क्लास चाललाय.

खात्याची बाई आली की तिच्याशी मीच बोलणार. मुलगा भित्रा आहे, बापावर गेलाय.

२४ जून

बाई आली, ठरल्याच्या आधीच. सर्दी झाली होती बिचारीला, सारखा रुमाल नाकाशी. मी तिला टाकीपाशी नेलं, झाकण उघडून म्हटलं, घ्या, छाती भरून घ्या. ती दाराबाहेर गेली. बराच वेळ तिथेच उभी.

आत आल्यावर मला विचारलं, "आजी, तुम्हाला खरंच वास येत नाही?"

म्हटलं, "असला तर येईल ना, बाई."

माझ्याकडे फार वेळ बघत होती. माझं बोलणं पटलं असणार. नातीनं पुढे काहीतरी फिल्टरचं सांगितलं, मुलानं हात जोडले, आणि बाईनं जुलैच्या मध्यापर्यंत मुदत दिली. शेवटची. मुदत माझ्यामुळे मिळाली, पण मी बोलून दाखवलं नाही. फक्त दोनदा.

२५ जून

आज नातीनं टाकी उपसली. ढलप्यांना शेंबडासारखा चिकट थर. मुंग्यांची रांग धरून ती सरळ स्वयंपाकघरात आली, साखरेच्या डब्यापर्यंत. मी तेव्हा डोळे मिटून पडले होते. तरी उठवलं.

म्हणाली, "आजी, त्यांना आयती साखर मिळाल्यावर ते थिनर कशाला खातील?"

म्हटलं, "मग शहाणे आहेत की."

ती हसली नाही. मुलगा खाली जाऊन ब्रश धुवत बसला. धुतलेलेच ब्रश. सूनबाईनं माहेरी फोन लावला. मागची खोली रिकामी करा, असं बोलताना ऐकलं.

निश्चय: साखर बंद. दूध बंद. लाड बंद. आता कडक शिस्त.

२६ जून

शिस्त लावायला गेले तर टाकीभोवती दोरी. नात लॅबमधून पिंप घेऊन आली आहे, थिनरला सरावलेल्या जंतूंचं. नव्या ढलप्यांत तेच मिसळले. मी तयारच होते, झारी हातात. झारी काढून घेतली. माझी तब्येत जपतात, दुसरं काय.

२८ जून

नात दिवसभर लॅबमध्ये, सूनबाई वर्कशॉपमध्ये. मग पाणी घालायला माणूस हवं. म्हणून विहीणबाई आल्या आहेत. तात्पुरत्या. निघताना वजनकाटा घेऊन निघाल्या. पाणी मोजून घालतात. हात लावून बघतात, मान हलवतात, तासाभरानं पुन्हा हात लावतात. एवढं तर मी मुलाच्या गोवरातही केलं नव्हतं.

दारातूनच नाक दाबून मला म्हणाल्या, शेगडीचा गॅस चालू राहिलाय. उगाच. बंद केला, त्यांचं मन राखायला.

१४ जुलै

पास! बाईनं मीटर तीनदा लावला, तीनदा पास. मास्तरणीनं खिडक्या उघडल्या. मुलानं सूनबाईला उचलून गोल फिरवलं, दोघं ढलप्यांच्या पोत्यावर पडली. नात नाचली. मीही नाचले, कमरेपासून वरच्या भागात. वर्कशॉप राहिलं, घर राहिलं, गोदाम टळलं. पाया माझाच होता, हे आज ना उद्या कळेल त्यांना.

आता विहीणबाईंना गाडीत बसवून द्यायचं. डब्यात काय द्यावं याचा विचार करतेय. काहीही देईन. आनंदानं देईन.

१५ जुलै, दुपार

विहीणबाईंची मोठी ट्रंक आली. त्यांची खाट माझ्या खोलीत, खिडकीच्या बाजूला. माझी दाराशी सरकवली. भिंतीवर त्यांचं घड्याळ लागलं.

नातीला बाजूला घेऊन विचारलं, या कधीपर्यंत? म्हणाली, फिल्टर आहे तोवर, आजी. जंतूंना रोज कोणीतरी लागतंच.

मग विचारलं, हे जंतू साधारण किती दिवस जगतात?

म्हणाली, नीट सांभाळले तर संपतच नाहीत.

विहीणबाई फार नीट सांभाळतात.